हिरड्यावरचा बेसरा

"ते ओझं दे आधी माझ्याकडं, मग पाया पड," असं म्हणत आईंनी माझ्या खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग ओढून घेतली. एस.टी. धुरळा उडवत वळली आणि घाटाकडं निघून गेली. धरण वसाहतीच्या थांब्यावर आम्ही दोघीच उरलो.

पाया पडायचं की नाही, हे शेवटच्या वळणापर्यंत माझं ठरलं नव्हतं. पडावं, तर कुठल्या नात्यानं? त्यांच्या मुलापासून कायद्यानं वेगळी होऊन मला दोन वर्षं झाली होती. न पडावं, तर इतक्या लांबून येऊन नुसती उभी राहू का? पण त्यांनी तो प्रश्न असा उभ्या उभ्या मिटवला. मी वाकले. त्यांनी पूर्वीसारखंच मला अर्ध्यावर धरून उठवलं आणि माझा दंड चाचपून बघितला.

"वाळलीस."

"नाही हो आई, दोन किलोनं वाढलेय."

"मग मिरजेतले काटे बिघडलेत."

'आई' हे तोंडातून निघूनच गेलं. त्यांना दुसरं काही म्हणायची मला सवयच नव्हती. त्यांनीही ते ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं आणि बॅग छातीशी धरून पुढं चालू लागल्या.

शालन नलावडे हे त्यांचं नाव फक्त रेशनकार्डावर असेल. सगळ्या वसाहतीत त्या 'नलावडे सिस्टर'. धरणाचं काम जोरात होतं तेव्हा इथं शाळा होती, बँक होती, शनिवारी पडद्यावर सिनेमा लागायचा. आईंचे यजमान क्रेनवर होते, आई वसाहतीच्या दवाखान्यात नर्स. यजमान लवकर गेले. आईंनी एकटीनं समरजितला वाढवला, इंजिनिअर केला. पुढं धरण बांधून पुरं झालं, माणसं बदल्या होऊन पांगली, क्वार्टरांच्या खिडक्या काढून नेल्या गेल्या. आई मात्र निवृत्त झाल्यावर वसाहतीच्या फाटकाबाहेर दोन खोल्या बांधून इथंच राहिल्या. समर आणि मी तेव्हा कोल्हापुरात होतो. नंतर तो पुण्याला गेला आणि मी मिरजेला, माझ्या जुन्या लॅबमध्ये परत लागले. रक्त, लघवी, काचपट्ट्या. दिवस कामात जायचा. रविवार जायचा नाही. मग मी हप्त्यांवर एक कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागं फिरायला लागले.

हे आईंना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. दीडेक वर्षात आमच्यात एक शब्दही झाला नव्हता आणि त्या आठवड्यात अचानक त्यांचा फोन आला.

"उल्का, इथं एक पाखरू आलंय. माणसं ससाणा म्हणतात, कुणी शिकरा म्हणतात. मला काही कळंना. तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये की."

"कसं आहे दिसायला?"

"पाठ काळपट. पारव्याहून जरा बारीक. डोळे असे रोखून बघतंय, की आपणच चोरी केलीय. सकाळी कोवळ्या उन्हाला येतंय, वाळक्या फांदीवर बसतंय, डावा पाय पोटात घेतंय. संध्याकाळी परत एकदा."

आयुष्यभर पेशंटची लक्षणं डॉक्टरांना सांगितलेली बाई. मला हसू आलं. पण 'पाठ काळपट' ऐकून मी जरा ताठ झाले. शिक्रा आमच्याकडं मिरजेतही दिसतो, अगदी रेल्वे क्वार्टरजवळ. तो राखी असतो, फिकट. दाट जंगलाच्या कडेनं राहणारा, काळपट पाठीचा त्याचा एक भाऊबंद आहे, बेसरा. लाजरा पक्षी. मी तो तोवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. शनिवारी अर्धी रजा टाकून मी निघाले, ती बेसऱ्यासाठी. निदान मी स्वतःला तसंच सांगितलं.

घरी पोचल्यावर आईंनी चहा टाकला. मी पुस्तक उघडून दोन्ही चित्रं त्यांच्यापुढं धरली.

"दोन्ही एकच की गं."

"गळा बघा. शिक्र्याच्या गळ्यावर ही रेघ अगदी पुसट असते, असून नसल्यासारखी. बेसऱ्याला ठसठशीत काळी रेघ. चोचीखालून सरळ खाली."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पुस्तक नाकाला लागेल इतकं जवळ घेतलं.

"माझ्याकडं सदा पाठ करून बसतंय मेलं. गळा कधी बघितलाच नाही."

"मग गळ्याचा फोटो मिळाला पाहिजे. नाहीतर नुसतं बघून खात्रीनं नाही सांगता येणार."

"मिळंल. न मिळायला काय झालं," त्या म्हणाल्या, जणू ते पाखरू त्यांच्या वॉर्डात भरती होतं.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. मी कॅमेरा आणि तो टेकवायचं तिकाटणं घेतलं, त्यांनी बसायला पोतं आणि पाण्याची बाटली. फाटकातून आत शिरलो, रिकाम्या क्वार्टरांच्या रांगेतून चालत गेलो. एका ओट्यावर कुणीतरी शेण्या थापल्या होत्या. पुढं रस्ता डावीकडं वळला आणि मी मागं पडले. वळणावर दवाखाना होता.

दार नव्हतं. आत भिंतीवर हिरवा ऑइलपेंट अजून तसाच. मी मान वळवून दुसरीकडं बघत चालत राहिले.

तिथं माझं मूल गेलं होतं. समर आणि मी मे महिन्यात आईंकडं राहायला आलो होतो, मला सातवा लागला होता. दुपारी पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात तेव्हा डॉक्टर नव्हता, जागा रिकामी होती. आईंची निवृत्ती तोंडावर आली होती, पण त्याच होत्या. जे केलं ते त्यांनी एकटीनं केलं. मूल रडलं नाही. मुलगी होती, एवढं कानावर पडलं. मग माझं रक्त थांबेना, तेव्हा पाटबंधारे खात्याची जीप आली आणि मला कोल्हापूरला हलवलं. समर माझ्याबरोबर आला. आई मागं राहिल्या. का राहिल्या, हे मी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल नंतर कुणी कुणाला काही विचारलंच नाही. समर बोलायचा नाही म्हणून मी बोलायचे नाही, की उलटं होतं, देव जाणे. आमचं भांडण असं कधी झालं नाही. एकाच घरात दोन भाडेकरू राहावेत तसं राहायला लागलो, आणि एके दिवशी सह्या केल्या.

"चल की," आई पुढून म्हणाल्या. "ऊन जाईल."

दवाखान्याच्या मागं बंद पडलेलं पंपघर होतं. त्याच्या खालच्या अंगाला उतार, उतारावर एक मोठा हिरडा, आणि हिरड्याच्या शेजारी एक उंच ऐन. ऐनाची एक वाळकी फांदी हिरड्याच्या डोक्यावरून बाहेर आली होती. तिथून पुढं जंगलच. जागा इतकी बरोबर होती, की मी सगळं विसरून तिकाटणं उघडायला लागले.

"तिथं नको," आई एकदम म्हणाल्या. "इकडं लाव. अलीकडं."

"तिथून सरळ दिसेल आई. सावलीही आहे."

"इकडूनही दिसतंय. मी रोज बघते ना."

त्यांनी पोतं अंथरलं. मी तिकाटण्याचे पाय दगडांत रोवले आणि आम्ही बसलो. समोर पळस फुलून नुसता पेटला होता. एक हळद्या पक्षी बोलत होता. आईंनी बसल्या बसल्या हात लांब करून हिरड्याखालचा पाचोळा थोडा बाजूला केला. काहीतरी चाळा, असं मला वाटलं.

"कॅमेऱ्यातनं मला दिसंल का?"

मी त्यांना डोळा लावायला शिकवलं. फांदी इतकी जवळ आलेली बघून त्या दचकून मागं सरल्या, मग परत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. "मुंगी दिसते गं," त्या म्हणाल्या. "मुंगीचं तोंड दिसतंय."

पक्षी आला तो आवाज न करता. एका क्षणी फांदी रिकामी होती आणि दुसऱ्या क्षणी नव्हती. आई म्हणाल्या होत्या तसाच, पाठ करून. मी भराभर फोटो काढले. काळपट पाठ, शेपटीवर रुंद पट्टे. "वळ," मी मनात म्हणत होते, "एकदा वळ." त्यानं डावा पाय पोटात घेतला, मान खांद्यात ओढली आणि जंगलाकडं बघत बसून राहिला. मग उडाला. गळा काही दिसला नाही.

"उद्या सकाळी," आई म्हणाल्या. "सकाळी उन्हाकडं तोंड करतंय कधी कधी."

परत निघताना त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी हिरड्याच्या बुंध्याशी ओतलं. मार्च संपत आलेला, झाडाला पाणी घालतात माणसं. मी तिकाटणं मिटवत होते.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, कारण आईंनी पीठ मळून माझ्यापुढं सरकवलं होतं. "तुझ्या हातची पातळ होते," एवढंच म्हणाल्या. इतक्यात बाहेरच्या खोलीत त्यांचा फोन वाजला. त्यांच्या बोलण्याच्या सुरावरूनच मला कळलं, समरचा आहे.

"हां, बोल... बरी आहे... नाही रे, एकटीच आहे. एकटीच. कोण येणार इथं?... पिठलं-भाकरी करते आता... तिला जप. जिने चढू देऊ नको."

माझी भाकरी तव्यावर करपली. आई आत आल्या, त्यांनी ती उलथली.

"मी आलेय हे सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"काय सांगू? पाखरू बघायला आलीय?"

"खरं ते."

त्या पाटावर बसल्या. पदराला हात पुसत बसल्या, हात कोरडे होते तरी.

"उल्का, सूनबाईला सातवा लागलाय. समर घाबरून गेलाय, दिवसातनं तीनदा फोन करतो. त्याला पुन्हा सगळं... म्हणून नाही सांगितलं. पाडव्याच्या आत मला न्यायला येणार आहे. कायमचंच. ह्या खोल्या देऊन टाकल्या इथल्या मास्तरांना."

त्यानं दुसरं लग्न केल्याचं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. मी चुलीतला जाळ पुढं सारला. काय वाटलं ते आता नीट सांगताही यायचं नाही. त्याच्याबद्दल काही वाटलं नाही, हे मात्र खरं. हे घर जाणार, ह्या बाई जाणार, आणि फोन करून बोलावणारं जगात कुणी राहणार नाही, हेच आधी मनात आलं. घटस्फोटाच्या कागदावर दोघांचीच नावं होती. ह्यांच्यापासूनही मला वेगळं केलं जातंय, हे तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

"चांगलं झालं," मी म्हटलं. "तुम्ही असल्यावर तिला काळजी नाही."

"तसं म्हणू नको," त्या म्हणाल्या. "मी असताना काय झालं, ते तुला माहीत आहे."

"तुमच्या हातात काय होतं आई?"

त्या उठल्या. ताटं घेतली.

सकाळी उजाडताना आम्ही पुन्हा हिरड्यापाशी होतो. गवतावर दव होतं, आईंनी डोक्यावरून शाल घेतली होती. ऊन पंपघराच्या भिंतीवर आलं, तिथून उतरत उतरत ऐनाच्या शेंड्याला लागलं. जंगलात कुठंतरी 'च्यू-च्यू-च्यू' असा किरटा, घाईघाईचा आवाज आला. बुलबुल एकदम गप्प झाले.

"आलं," आई कुजबुजल्या.

तो आला तो पंज्यात काहीतरी घेऊन. लहानसं पाखरू असावं, पिसं लोंबत होती. फांदीवर टेकला, एकदा सावध होऊन सगळीकडं बघितलं, आणि मग वळला. ऊन अंगावर घ्यायला सरळ आमच्याकडं तोंड करून बसला. छातीवर तांबूस तपकिरी फराटे, पोटावर पट्टे, पिवळेजर्द डोळे. त्यानं मान वर केली. पांढऱ्या गळ्यावर मधोमध काळी रेघ होती, बोरूनं ओढावी तशी.

माझं बोट दाबलेलंच राहिलं. कॅमेऱ्याचा कटकट आवाज ऐकून त्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं, पण हलला नाही. त्यानं भक्ष्य सोलायला घेतलं. पिसं एक एक करून खाली येत होती, हिरड्याच्या पानांवर अडकत होती. पोटभर खाऊन, फांदीवर चोच पुसून, तो गेला तेव्हा माझा हात आखडला होता.

मी पडद्यावर फोटो मोठा करून आईंना दाखवला.

"बघा. ही रेघ. बेसरा आहे आई! बेसराच! तुम्ही शोधलात."

त्यांनी चष्मा वर-खाली करत तो फोटो कितीतरी वेळ बघितला. "बेसरा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, शब्द जिभेवर बसवल्यासारखं, "बेसरा." त्यांचा चेहरा फुलला होता. मी आनंदानं त्यांना मिठीच मारली. मला आठवतंय, त्या क्षणी मला कशाचीच आठवण नव्हती. फोटो कुणाकुणाला दाखवायचा हे मी मनात ठरवत होते.

मी तिकाटणं मिटायला घेतलं. पहिली एस.टी. मिळाली तर दुपारपर्यंत मिरज.

"बस जरा," आई म्हणाल्या.

"बस चुकेल."

"दुसरी आहे. बस."

मी पोत्यावर बसले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. हिरड्याच्या बुंध्याकडं बघत होत्या.

"पोरीला मी इथं ठेवलीय," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. 'कुठल्या पोरीला' असं मी विचारणार होते. शब्द ओठांवर येईपर्यंत कळलं.

"तुला जीपमध्ये घातलं, समर गेला. मी म्हटलं, हिला दवाखान्यात कुणाच्या हवाली करू? शिपाई म्हणाला, सिस्टर, मी लावतो वाट. 'वाट लावतो' म्हणाला. मी म्हटलं, तू जा. पंपघरातनं कुदळ आणली. इथं माती मऊ होती, सावली होती. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून दगड बसवले. तू काल तिकाटणं लावत होतीस बघ, तिथं."

मी उठले. माझ्या पायाखाली काय आहे, याचीच भीती वाटून मी चार पावलं मागं सरले, आणि मग इतका राग आला, की माझ्याच आवाजाला मी घाबरले.

"इतकी वर्षं! इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला..."

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारायचं? मला शुद्ध होती? मला वाटलं, टाकून दिलं असेल... दवाखान्यात करतात तसं. मी लॅबमध्ये काम करते आई, मला माहीत आहे काय करतात! रोज रात्री मी..." मी पंपघराकडं तोंड फिरवलं. "समरला माहीत आहे?"

"एकदा सांगायला गेले. 'आई, नको' म्हणाला. नुसता थरथरायला लागला. मग मी नाही काढलं. तुझ्याकडंही येऊन सांगणार होते. तुझा चेहरा बघायचे आणि वाटायचं, जरा खपली धरलीय, राहू दे. मग तुम्ही वेगळेच झालात. मग कुठल्या तोंडानं फोन करू?"

"म्हणून पाखराचं निमित्त काढलंत?"

"निमित्त कसलं?" त्या पहिल्यांदाच दुखावल्यासारख्या बोलल्या. "पाखरू खरंच आलंय. मी रोज येते इथं, म्हणून तर दिसलं."

मी तिथून चालत सुटले. पंपघराला वळसा घालून पलीकडं गेले आणि गंजलेल्या पाइपवर बसले. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, पार आटून लांब गेलेलं. किती वेळ बसले कळलं नाही. आई मागोमाग आल्या नाहीत. मला वाटलं होतं येतील, समजूत घालतील, पेशंटला घालतात तशी. त्या आल्या असत्या तर मी कदाचित तशीच निघून थांब्यावर गेले असते.

शेवटी मीच परत गेले. त्या तिथंच बसल्या होत्या, शाल खांद्यावर ओढून. माझी कॅमेऱ्याची बॅग त्यांनी दव लागू नये म्हणून मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते. इतक्या लहान दिसत होत्या त्या. मी शेजारी बसले. पोतं अरुंद होतं, खांद्याला खांदा लागला.

"कशी होती?" मी विचारलं.

आई एकदम, इतके दिवस कुणीतरी विचारावं म्हणून तयार ठेवल्यासारखं, सांगायला लागल्या.

"केस किती होते म्हणून सांगू तुला. काळेभोर, कपाळापर्यंत आलेले. मी पुसून घेतले तर कुरळे झाले. बोटं लांब, तुझ्यासारखी. डावा कान जरा दुमडलेला, समर झाला तेव्हा त्याचा होता तसा. रंग तुझा. हनुवटी कुणाची, ते काही मला कळलं नाही. आपल्या दोन्ही घरांत कुणाची तशी नाही. तिची तिची होती."

"डोळे?"

"मिटलेले होते गं. झोपल्यासारखे. त्रास झालेला दिसत नव्हता. मी खोटं सांगत नाही, तीस वर्षं बाळंतपणं केलीत मी."

"कशात गुंडाळलं?"

"दवाखान्याचं कापड घ्यावंसं वाटेना. घरी जाऊन माझं सुती लुगडं आणलं, धुवून धुवून मऊ झालेलं. त्यातच."

तेव्हा मी रडले. आधी नाही. इतक्या वर्षांत मी जे रडले होते ते कशासाठी रडत होते ते मला माहीत नसायचं. त्या सकाळी माहीत होतं. केस कुरळे होते, कान दुमडलेला होता. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मध्येच त्यांचा हात थांबला, तेव्हा त्याही रडताहेत हे मला कळलं.

ऊन चढलं. आईंनी नाक पुसलं, घसा साफ केला.

"मी पुण्याला गेल्यावर इथं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "बेसऱ्याला म्हणून ये. वर्षातनं एकदा. येशील?"

मी मान हलवली. ते त्यांना पुरलं नाही.

"तोंडानं सांग."

"येईन आई."

मग मी हिरड्याखाली गेले. दगड होते, पाचोळ्यात निम्मे बुडालेले, घासून स्वच्छ केलेले. मी तळहात ठेवला. उन्हानं ते कोमट झाले होते. सकाळच्या बेसऱ्यानं गाळलेलं एक पीस तिथं येऊन पडलं होतं, ते मी उचललं नाही.

आई पाडव्याच्या आत पुण्याला गेल्या. त्यांना नातू झाला, सुखरूप. मला ते त्यांनीच कळवलं, फोनवर हळू आवाजात, आनंद लपवत. मी म्हटलं, "मोठ्यानं बोला आई, मलाही आनंद आहे." आणि तो होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी दर मार्चला जाते. वसाहतीच्या क्वार्टर पाडल्या, दवाखानाही गेला. जंगलखात्यानं रस्त्यावर नाकं बसवलंय. तिथला गार्ड मला 'पक्षीवाल्या मॅडम' म्हणून ओळखतो, माझी पाण्याची बाटली भरून देतो आणि परत येताना हटकून विचारतो, "काय दिसलं आज?" मी त्याला एखादं नाव सांगते. कधी बेसरा दिसतो, कधी नुसता आवाज येतो, कधी काहीच नाही.

संध्याकाळी मी मिरजेत पोचते न पोचते तोच आईंचा फोन येतो. त्या गच्चीवर जाऊन करतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "गेली होतीस?"

"आत्ताच आले."

"कशी आहे?"

"मादी नाही दिसली," मी सांगायला लागले, "पण नर होता, त्याच फांदीवर, आणि..."

"पाखराचं नाही गं विचारत."

मी थांबले. त्यांच्या मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, मूल रडलं, कुणीतरी त्याला उचललं असावं, गप्प झालं.

"बरी आहे आई," मी म्हटलं. "सावलीत आहे."

"हां," त्या म्हणाल्या.

पुढं बोलण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.